झोपेच्या उपचारकाला प्रमाणपत्र कशाबद्दल द्यायचं?

घोरण्याची तपासणी करून घ्यायची असेल, तर ठाणे आणि नवी मुंबईत आता फार हिंडावं लागत नाही. मोठ्या रुग्णालयांत रात्रभराची स्लीप स्टडी होते, घरी लावून झोपायचं छोटं यंत्र मिळतं, मुखवट्यातून हवा देऊन श्वासमार्ग उघडा ठेवणारं सीपॅप मशीन भाड्यानेही येतं. झोपेच्या गोळीची चिठ्ठी तर त्याहून सहज मिळते. अडचण वेगळ्या रुग्णाची होते. त्याचा श्वास नीट आहे, पण झोप लागत नाही. किंवा लागते आणि पहाटे तीनला उघडते ती उघडतेच. आठवड्यातून किमान तीन रात्री आणि किमान तीन महिने असं चाललं, की त्याला दीर्घकालीन निद्रानाश म्हणतात. प्रौढांच्या अशा निद्रानाशावर गोळीच्या आधी सीबीटी-आय, म्हणजे निद्रानाशासाठीची वर्तन आणि विचारांवरची उपचारपद्धती वापरावी, असं अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१६ साली सांगितलं. युरोपियन स्लीप रिसर्च सोसायटीने २०१७ मध्ये तेच सांगितलं आणि २०२३च्या सुधारित आवृत्तीतही कायम ठेवलं. पहिला उपचार कोणता, यावर आता वाद उरलेला नाही. तो देणारा माणूस ठाण्यापासून पनवेलपर्यंत कुठे बसतो आणि मुळात तयार कुठे होतो, हे मात्र कुणी विचारत नाही.

आज तो बहुतेक वेळा कार्यशाळेत तयार होतो. शनिवार-रविवार व्याख्यानं ऐकायची, स्लाइड्सची पीडीएफ घ्यायची, शेवटी प्रमाणपत्र. पुनर्वसन परिषदेकडे, म्हणजे आरसीआयकडे, नोंदणी असलेल्या मानसशास्त्रज्ञांना नूतनीकरणासाठी सीआरई, म्हणजे निरंतर शिक्षणाचे, गुण लागतात आणि ते कार्यशाळांना हजर राहून जमवता येतात. हजेरीबद्दल गुण मिळायला हरकत नाही. पण त्या कागदाच्या जोरावर दवाखान्याच्या पाटीवर ‘निद्रा-उपचारतज्ज्ञ’ असं लिहिलं जातं, आणि पाटी वाचणाऱ्याला त्यामागे दोन दिवस आहेत की दोन वर्षं, हे कळायला मार्ग नसतो. वर्तनाधारित निद्रोपचाराच्या प्रशिक्षणाला मान्यता द्यायची पद्धत आपल्याकडे सुरू व्हायला हवी आणि ती मान्यता देखरेखीखाली पूर्ण केलेल्या रुग्णांवर ठरावी, व्याख्यानांच्या तासांवर नाही, असं आमचं ठाम मत आहे.

असं का, ते उपचाराच्या आत शिरल्याशिवाय पटत नाही. सीबीटी-आय ऐकायला सोपी वाटते, म्हणूनच ती अर्धवट शिकवली जाते. संध्याकाळनंतर चहा नको, झोपताना मोबाइल नको, खोलीत अंधार ठेवा, अशा सूचनांचा एक कागद रुग्णाच्या हातात दिला जातो आणि त्यालाच उपचार म्हटलं जातं. या सूचना चुकीच्या नाहीत. पण अमेरिकन अकॅडमी ऑफ स्लीप मेडिसिनच्या २०२१च्या मार्गदर्शिकेने एवढ्या सूचनांनाच एकटा उपचार म्हणून वापरू नये असा सल्ला दिला आहे. काम करतात ते दोन कठीण भाग. पलंगाचं आणि झोपेचं तुटलेलं नातं पुन्हा जोडणं हा एक. त्याची मांडणी रिचर्ड बूटझिन यांनी १९७२ मध्ये केली. दुसरा भाग पलंगावरचा वेळ मोजून कमी करण्याचा. तो आर्थर स्पीलमन आणि सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये मांडला.

दुसऱ्या भागात सगळ्यात जास्त चुका होतात, म्हणून तो नीट पाहू. रुग्णाने एक ते दोन आठवडे रोज सकाळी झोपेची डायरी भरायची: आडवं किती वाजता झालो, झोप लागायला अंदाजे किती वेळ गेला, मध्ये किती वेळ जाग होती, शेवटचं उठणं किती वाजता. समजा एक जण साडेदहाला आडवा होतो आणि साडेसहाला उठतो. म्हणजे पलंगावर आठ तास, ४८० मिनिटं. प्रत्यक्ष झोप सरासरी सव्वापाच तास, ३१५ मिनिटं. भागाकार केला की झोपेची कार्यक्षमता ६६ टक्के येते. आता उठण्याची वेळ आधी पक्की करायची, समजा सहा. पलंगावरचा वेळ साडेपाच तास ठरवायचा, म्हणजे साडेबाराच्या आत अंग टाकायचं नाही. साडेबारालाही डोळ्यांवर झोप नसेल तर येईपर्यंत थांबायचं, पण उठायचं सहालाच. आठवड्याने पुन्हा हिशेब करायचा. समजा झोप सरासरी ४ तास ५० मिनिटं झाली, म्हणजे २९० मिनिटं. ३३०ने भागलं की ८८ टक्के. कार्यक्षमता ८५च्या वर गेली की पंधरा मिनिटं वाढवून द्यायची. झोपायची वेळ सव्वाबारा. ८० ते ८५च्या मध्ये असेल तर आहे तेच ठेवायचं. ८०च्या खाली असेल तर पंधरा मिनिटं कमी, पण पाच तासांच्या खाली कधीही जायचं नाही.

पाटीवर लिहून देता येईल इतकं हे गणित सरळ आहे. बिघडतं ते माणसांत. डायरी रोज न भरता रविवारी बसून सात दिवसांची एकदम भरली जाते आणि सगळे आकडे सारखे येतात. उपचारकाने ते ओळखायला हवं. मनगटावरच्या घड्याळाने दाखवलेली ‘गाढ झोप’ डायरीपेक्षा खरी मानली जाते. ठाणे-पनवेल लोकलमध्ये तुर्भ्यापासून लागलेली वीस मिनिटांची डुलकी कुणी लिहीत नाही, कारण ती झोप आहे असं कुणाला वाटतच नाही, आणि मग रात्रीची झोपेची भूक का मरते ते कळत नाही. रविवारी नऊपर्यंत झोपून आठवडाभर साठलेली ओढ खर्च होते. ‘वीस मिनिटांत झोप नाही लागली तर उठा’ असं सांगितलं की रुग्ण वीस मिनिटं घड्याळाकडे पाहत पडून राहतो. सांगायचं असतं ‘बराच वेळ झाला असं वाटलं की उठा’, आणि घड्याळ भिंतीकडे तोंड करून ठेवायचं असतं. सर्वांत मोठी गफलत दुसऱ्या आठवड्यात होते. तो आठवडा बहुतेकांना जड जातो, दिवसा डोळे मिटतात, चिडचिड वाढते, रुग्ण म्हणतो मला आधीच बरं होतं. नवखा उपचारक इथे धीर सोडतो, एक तास वाढवून देतो आणि उपचार तिथेच संपतो. पुढे तो रुग्ण चार ठिकाणी सांगतो, की हे सगळं करून पाहिलं, काही उपयोग नाही.

या चुका व्याख्यानातून दिसत नाहीत. बैठकीचं ध्वनिमुद्रण, रुग्णाच्या लेखी संमतीने अर्थात, कुणा जाणत्याने ऐकलं तरच त्या सापडतात. उपचारकाला स्वतःला आपण नमतं घेतलं हे जाणवतही नाही. त्याला वाटतं आपण रुग्णाला समजून घेतलं.

पलंगाच्या भागाचंही तसंच आहे. पाश्चात्त्य पुस्तकात लिहिलेलं असतं: झोप येत नसेल तर दुसऱ्या खोलीत जा. लोकमान्यनगरच्या वन-रूम-किचनमध्ये पाच माणसं खाली गाद्या टाकून झोपलेली असताना दुसरी खोली कोणती? स्वयंपाकघराच्या दाराशी सासूबाई झोपलेल्या असतात. इथे प्रशिक्षित माणसाला पर्याय माहीत असतो: अंथरुणावरच उठून भिंतीला टेकून बसायचं, मंद दिव्यात साधं काहीतरी वाचायचं आणि डोळे जड झाले की पुन्हा आडवं व्हायचं. ‘काउंटर कंट्रोल’ नावाने ही पद्धत अभ्यासलेली आहे. गंमत अशी की याच घरात एक गोष्ट आपोआप बरोबर घडत असते. गादी सकाळी गुंडाळून ठेवली जाते आणि दिवसभर कुणी तिच्यावर बसत नाही. घोडबंदर रोडच्या टू-बीएचकेमध्ये पलंगावरच लॅपटॉप, पलंगावरच जेवण, पलंगावरच मुलांचा अभ्यास. निद्रानाशाच्या दृष्टीने दुसऱ्या घराला जास्त काम करावं लागतं. ही समज इंग्रजी पुस्तकातून येत नाही. प्रशिक्षणातले रुग्ण इथले हवेत आणि देखरेख करणाऱ्याशी चर्चा मराठीत व्हायला हवी, ती याच कारणासाठी.

ठाणे-पनवेल पट्ट्याची आणखी एक गरज म्हणजे पाळी, म्हणजे शिफ्टमध्ये काम करणाऱ्यांची झोप. ऐरोली आणि महापेच्या आयटी पार्कांत परदेशी वेळेनुसार रात्री काम चालतं, टीटीसी औद्योगिक पट्ट्यात तीन पाळ्या, वाशीच्या एपीएमसीत भाजीचे ट्रक मध्यरात्रीनंतर उतरतात आणि माथाडी कामगाराचा दिवस तेव्हा सुरू होतो. वर दिलेलं गणित रात्री झोपणाऱ्यासाठी बेतलेलं आहे. पाळीवाल्याला ते तसंच लावलं तर नुकसानच होतं. त्याच्यासाठी पाळीच्या पहिल्या अर्ध्या भागात भरपूर उजेड, घरी परतताना गडद चष्मा, पाळीला निघण्याआधी एक डुलकी, आणि सुटीच्या दिवशीही टिकेल असा झोपेचा काही तासांचा सामाईक तुकडा, असं वेगळं शास्त्र लागतं. त्याच्या रोजच्या आयुष्यात ते बसवायला घरच्यांशीही बोलावं लागतं, कारण सकाळी दहाला दारावरची बेल वाजते ती त्याच्या मध्यरात्री.

धोक्याबद्दल आता सरळ बोललं पाहिजे. ‘बोलण्याचा तर उपचार, त्यात काय अपाय होणार’ हा समज चुकीचा आहे. द्विध्रुवी (बायपोलर) विकार असलेल्या माणसाची झोप कमी केली तर उन्मादाचा झटका येऊ शकतो. अपस्माराच्या रुग्णाला कमी झोपेने फिट येऊ शकते. झोपेत चालणाऱ्याचं चालणं वाढू शकतं. क्रेनचालक, ट्रकचालक, रासायनिक कारखान्यातला ऑपरेटर यांना पहिल्या दोन आठवड्यांत कामावर डुलकी लागली तर त्याची किंमत फक्त तोच मोजत नाही. अशांसाठी पलंगावरचा वेळ एकदम न कापता हळूहळू कमी करतात, किंवा तो भाग टाळून बाकीचे वापरतात. स्लीप अ‍ॅप्निया निसटणं तर फारच सोपं आहे: रुग्ण म्हणतो रात्री पाच वेळा जाग येते, उपचारक निद्रानाश समजतो, आणि खरं कारण श्वास अडकणं असतं. त्यासाठी पहिल्याच भेटीत स्टॉप-बँग या प्रश्नावलीचे आठ प्रश्न विचारायचे असतात. तीन किंवा अधिक ‘हो’ आले तर तपासणीचा विचार करायचा. दिवसाची पेंग एपवर्थ मापनाने मोजायची. २४ पैकी १०च्या वर गुण म्हणजे पेंग प्रमाणाबाहेर आहे.

गोळ्यांचं प्रकरण याहून नाजूक. अल्प्राझोलाम आणि झोल्पिडेम या झोपेसाठी घेतल्या जाणाऱ्या गोळ्या शेड्यूल एच-१ मध्ये, म्हणजे कडक नोंदीच्या औषधांच्या यादीत आहेत. केमिस्टने डॉक्टरचं आणि रुग्णाचं नाव वेगळ्या नोंदवहीत लिहून ती तीन वर्षं ठेवायची असते. तरी वर्षानुवर्षं चालू राहिलेल्या गोळ्या घेऊन माणसं येतात आणि विचारतात, हे सुरू केलं की गोळी बंद करू ना? एकदम बंद केल्यास झोप पूर्वीपेक्षा वाईट उडते, आणि अल्प्राझोलामसारखं बेंझोडायझेपिन गटातलं औषध बराच काळ घेतलेल्याला फिटसुद्धा येऊ शकते. अमेरिकेतल्या वैद्यकीय संस्थांच्या २०२५च्या संयुक्त मार्गदर्शिकेनुसार सुरुवात दर दोन ते चार आठवड्यांनी ५ ते १० टक्के कपातीने करावी आणि दोन आठवड्यांत २५ टक्क्यांहून जास्त कापू नये. हे ठरवणारा डॉक्टर; मानसशास्त्रज्ञ नाही. पण मानसशास्त्रज्ञाला आपली हद्द कुठे संपते आणि कुणाला फोन करायचा, हे शिकवलेलं असलं पाहिजे. दोन दिवसांच्या कार्यशाळेत या विषयाला अर्धी स्लाइड मिळते.

बाहेर हे कसं उभं राहिलं, ते थोडक्यात. अमेरिकेत २०१० साली स्थापन झालेली सोसायटी ऑफ बिहेवियरल स्लीप मेडिसिन ही संस्था प्रशिक्षण कार्यक्रमांना मान्यता देते. व्यक्तीची परीक्षा मात्र वेगळं मंडळ घेतं. तिथल्या मानसशास्त्र संघटनेने २०१३ मध्ये निद्रा-मानसशास्त्राला विशेष शाखा मानलं. तिथल्या माजी सैनिकांच्या आरोग्यसेवेने २०११पासून आपल्या उपचारकांना सीबीटी-आय शिकवली: तीन दिवसांची कार्यशाळा, आणि त्यानंतर सुमारे चार महिने दर आठवड्याला गटाने फोनवर सल्लामसलत, ध्वनिमुद्रणांच्या तपासणीसह. तीन दिवस आणि चार महिने हे प्रमाण पाहा. युरोपात निद्रानाश अभ्यासकांच्या जाळ्याने सीबीटी-आय अकादमी काढून प्राथमिक, प्रगत आणि तज्ज्ञ अशा तीन पायऱ्या सुचवल्या. आपल्याला दोन पायऱ्या पुरतील.

पहिली पायरी परिचारिका, समुपदेशक आणि सामाजिक कार्यकर्त्यांसाठी. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमात आणि महापालिकांच्या दवाखान्यांत काम करणाऱ्यांसाठी. त्यांनी रुग्ण ओळखायचा, धोक्याची चिन्हं पाहायची आणि साध्या निद्रानाशाला चार भेटींचा संक्षिप्त वर्तनोपचार द्यायचा. त्या चारपैकी दोन समोरासमोर आणि दोन फोनवर, अशी सिद्ध झालेली पद्धत आहे. इतका छोटा उपचार महापालिकेच्या बाह्यरुग्ण विभागात बसतो.

दुसरी पायरी नोंदणीकृत क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आणि मानसोपचारतज्ज्ञांसाठी, एका वर्षाची, नोकरी सांभाळून करता येईल अशी. वर्गातले चाळीस तास पुरेत. खरं वजन पुढच्या कामाला हवं: दहा रुग्ण पहिल्या भेटीपासून शेवटच्यापर्यंत, प्रत्येकी सहा ते आठ भेटी. या दहांत एक तरी पाळीत काम करणारा, एक दीर्घकाळ गोळ्या घेणारा, एक साठीच्या पुढचा आणि एक सीपॅप लावून न झोपू शकणारा असावा. मुखवट्याची भीती घालवणं हेही याच शाखेचं काम आहे: आधी दिवसा जागेपणी मुखवटा नुसता हातात, मग तोंडाला लावून टीव्ही पाहत, मग मशीन चालू करून, मग दुपारच्या झोपेत, आणि शेवटी रात्री. एका पर्यवेक्षकाकडे पाचांहून जास्त शिकाऊ नकोत. दर आठवड्याला गटचर्चा, आणि प्रत्येकाच्या किमान चार बैठकी ऐकून लेखी गुण. स्लीप लॅबमध्ये दोन पूर्ण रात्री. तासाला श्वास किती वेळा अडकतो तो आकडा ५, १५ आणि ३० ओलांडला की काय बदलतं, हे अहवाल हातात घेऊन कळलं पाहिजे. परीक्षा तोंडी हवी, आणि उमेदवाराच्या स्वतःच्या रुग्णांवर.

मान्यता टिकवायची अटही तितकीच महत्त्वाची. कार्यक्रमाने दरवर्षी आपले आकडे जाहीर करावेत: किती रुग्ण आले, किती मध्येच सुटले, आणि निद्रानाश तीव्रता मापनावर गुण किती उतरले. सात प्रश्नांचं, शून्य ते २८ गुणांचं हे मापन आहे. १५पासून पुढे निद्रानाश उपचाराच्या पातळीचा मानतात आणि आठेक गुणांची घट म्हणजे चांगली सुधारणा. मराठीत ते वापरताना भाषांतर उलट इंग्रजीत करून पडताळलेलं आणि रुग्णांवर तपासलेलं हवं. कुणीतरी रात्री बसून केलेलं नको.

मान्यता देणार कोण? इथे कायद्याची घडी थोडी गुंतागुंतीची आहे. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आरसीआयच्या कक्षेत येतात. बाकीचे मानसशास्त्रज्ञ, समुपदेशक, इतकंच काय स्लीप लॅबचे तंत्रज्ञही, २०२१च्या संलग्न आरोग्य व्यावसायिकांच्या कायद्यात येतात. डॉक्टर तिसरीकडे. तिन्ही परिषदा एकत्र बसेपर्यंत वाट पाहिली तर दहा वर्षं जातील. नाशिकचं महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ फेलोशिप आणि प्रमाणपत्र अभ्यासक्रम चालवतं. सुरुवात तिथून व्हावी, आणि आरसीआयने त्याला निदान सीआरईपेक्षा वरचं स्थान द्यावं.

जागेसाठीही लांब जायला नको. ठाण्याचं प्रादेशिक मनोरुग्णालय १९०१ सालचं, राज्यातल्या अशा चार संस्थांपैकी एक. देखरेख आणि अध्यापन तिथे बसू शकतं. पण निद्रानाशाचा बाह्यरुग्ण विभाग तिथे नको. ‘ठाण्याला पाठवा’ हा टोमणा मुंबईभर चालतो, आणि फक्त झोप येत नाही म्हणून त्या फाटकातून आत जायला कुणी तयार होणार नाही. तो विभाग कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात असावा, जिथे छातीचे, मेंदूचे आणि मनाचे डॉक्टर एकाच आवारात आहेत. नवी मुंबईच्या बाजूला वाशीचं महापालिका रुग्णालय आणि नेरूळ-कामोठ्याची खासगी वैद्यकीय महाविद्यालयं आहेत. पाळीवाले रुग्ण तिथेच येतात.

आक्षेप येतील, आणि त्यातला एक खरोखर वजनाचा आहे: पहिल्या तुकडीवर देखरेख कोण करणार? दहा रुग्ण तपासून घ्यायला ज्याने पन्नास केलेत असा माणूस लागतो. याला उत्तर आहे, पण त्याला पैसे लागतात. पहिली दोन वर्षं परदेशातल्या प्रमाणित पर्यवेक्षकांकडून व्हिडिओवर देखरेख घ्यायची, ध्वनिमुद्रणांचं भाषांतर करून द्यायचं, आणि पहिल्या तुकडीतले दोघं-तिघं पुढचे पर्यवेक्षक म्हणून तयार करायचे. भाषांतराचा खर्च टाळण्यासाठी पहिली तुकडी इंग्रजी बोलणाऱ्या रुग्णांवर चालवण्याचा मोह होईल. तसं करू नये. जे रुग्ण नंतर येणार आहेत तेच पहिल्या दिवसापासून हवेत.

मोबाइलवरच्या अ‍ॅपने हे सगळं होईल, असंही म्हणतात. काही रुग्णांचं होतंही. ब्रिटनच्या नाइस या संस्थेने २०२२ मध्ये अशा एका अ‍ॅपची शिफारस केली आहे. सरळ निद्रानाश, वाचनाची सवय, स्वतःची खोली असणाऱ्याने ते जरूर वापरावं. गोळ्या सोडवायच्या, पाळी सांभाळायची, उन्मादाचा इतिहास आहे, अशांना माणूस लागतो. कडक अटींमुळे उपचारकांची संख्या कमी राहील ही भीतीही रास्त आहे, पण संख्या पहिल्या पायरीने वाढवायची आहे, दुसरी पातळ करून नाही.

हे उभं राहीपर्यंत रुग्ण थांबून राहणार नाहीत, तेव्हा उपचारकाकडे जाताना त्यांनी काही गोष्टी विचाराव्यात. देखरेखीखाली किती रुग्ण पूर्ण केले? डायरी किती दिवसांची घेता? आठवड्याला हिशेब कसा बदलता? उत्तरं आकड्यांत यायला हवीत. आणि घोरण्याबद्दल, फिट्सबद्दल, पूर्वीच्या मानसिक आजाराबद्दल, कामाच्या स्वरूपाबद्दल आणि चालू गोळ्यांबद्दल पहिल्या भेटीत विचारणा झाली नसेल, तर तिथे पलंगावरचे तास कमी करून घेऊ नयेत.